भुताचे कपडे फाडण्याआधी

ऑक्टोबर संपता संपता आमच्या ऑफिसात हॅलोविन असतं. दर वर्षी निम्मी टीम एकाच वेशात येते: कात्रीने चिरलेला पांढरा शर्ट आणि त्यावर लालभडक रंग. म्हणे झॉम्बी! माझ्या मते हा वेश भीतीदायक नाही, आळशी आहे. आणि त्या आळसामागे त्याहून वाईट काहीतरी आहे.

टेस्टिंगसाठी रँडम बनवलेला डेटा लगेच ओळखू येतो, कारण खऱ्या डेटाला इतिहास असतो. कपड्यांचंही तसंच. कॉलर घडीवर विरते. कोपर, गुडघे घासून पातळ होतात. मोहरीला दशा सुटतात. खांदे उन्हाने विटतात, पण कॉलरखालची पट्टी मूळ रंगाचीच राहते. कात्रीचा काप सरळ असतो, झीज तशी नसते. म्हणून पॉलिश पेपर लागतो, किसणी लागते, मुख्य म्हणजे वेळ लागतो. कोऱ्या चहातलं टॅनिन सुती कापड धरतं, पॉलिएस्टर जवळपास नाहीच. गंजके खिळे काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवा आणि ते पाणी चहात बुडवलेल्या कापडावर शिंपडा. करडे-काळे डाग उमटतात, कारण लोह आणि टॅनिन मिळून शाईच तयार होते. ओल्या शर्टाच्या खिशात दगड भरून तो टांगला की खिसे लोंबतात. आणि रक्त सुकल्यावर लाल राहत नाही, तपकिरी होतं.

पण या सगळ्याआधी एक प्रश्न येतो: ह्या माणसाचं झालं काय? 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' (१९८४) मधला फ्रेडी क्रूगर जाळून मारलेला आहे, म्हणजे त्याच्या वेशावर आगीच्या खुणा हव्यात. आपला मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर लग्नाआधी मेलेला पोरगा. त्याचं वस्त्र मरताना फाटकं असायचं कारणच नाही. पिंपळावर राहून ते पावसाने काळवंडेल, पाखरांच्या शिटाने डागळेल. बस.

हा प्रश्न न विचारता कपडे नुसते फाडले-मळवले की भूत तयार होत नाही, गरीब माणूस तयार होतो. तसे कपडे आपण रोज बघतो: गटारात उतरणाऱ्याच्या अंगावर, कचरा वेचणाऱ्या बाईच्या अंगावर. गेल्या वर्षी आमच्याकडे बक्षीस मिळालेल्या वेशाला कुणीतरी 'सिग्नलवरचा भिकारी' म्हटलं आणि सगळे हसले. परीक्षकही हसले. त्या हॉलमध्ये भीती कशाची वाटत होती, ते मला तेव्हा नीट कळलं.

"अरे, मजा आहे, एवढं काय मनावर घेतोस?" असं म्हणणारे असतातच. मजा कराच. पण दुसऱ्याची रोजची झीज एका संध्याकाळपुरती अंगावर चढवून तिला भयानक म्हणणं ही मजा नाही, तो अपमान आहे.

यंदा कात्री उचलण्याआधी एकच वाक्य लिहा: हा माणूस कसा मेला? जमलं, तर कुठे फाडायचं ते आपोआप कळेल. नाही जमलं, तर शर्टाला कडक इस्त्री करून या. नीटनेटक्या कपड्यातलं भूत जास्त घाबरवतं.