काही काम नसताना वाशीमला जा

ज्यांचं आजोळ वाशीमचं आहे आणि जे आता पुण्यामुंबईत किंवा त्याहूनही लांब राहतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मागच्या वेळी तिथं कधी गेला होता, आठवून बघा. बहुतेकांना एखादं लग्न नाहीतर कुणाची तेरवी आठवेल. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं सकाळी उतरायचं, मंगल कार्यालयात अक्षता टाकायच्या, पंगतीत चार म्हाताऱ्यांना 'ओळखलं का?' विचारायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. मामाशी दहा मिनिटं निवांत बोलणं होत नाही. तो बिचारा आचाऱ्यामागं धावत असतो.

माझं सांगणं एवढंच की लग्न नाही, मयत नाही, अशा वेळी जा. निदान दोन रात्री मुक्काम करा. आणि मामा-मामींना सोबत घेऊन गाव बघा.

सोबत घेऊन, हे मुद्दाम म्हणतोय. गावात राहणाऱ्याचा दिवस शेत, बँक, दवाखाना यातच जातो. आमच्या मामींना मी स्कूटीवर मागं बसवून पद्मतीर्थावर नेलं. आधी नाही-नाही करत होत्या, भाजी निवडायची होती म्हणे. तिथं पायरीवर बसल्या, कुंडातल्या महादेवाला हात जोडले आणि म्हणाल्या, "नवीन लगन होऊन आली तवा लय वेळा यायची मी इथं. आता कोन आनते बाप्पा?" मग बोलत सुटल्या. सासूचा धाक, आजोबांच्या अस्थी इथंच टाकल्या त्या दिवशीचा पाऊस, समोरच्या आळीतली कोणती सून माहेरी निघून गेली ती परत कशी आली... यातलं एक अक्षर मी घरी कधी ऐकलं नव्हतं. ऐकणार कसं? घरी आपण सोफ्यावर असतो आणि मामी ओट्यापाशी. त्यांना घराबाहेर काढलं तरच त्या पाहुणचारातून मोकळ्या होतात.

बालाजीच्या देवळात मामांना न्या. साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते बांधलं. औरंगजेबाच्या काळात मूर्ती जमिनीत पुरून ठेवल्या होत्या आणि पुढं एका घोडेस्वाराला काठीनं माती उकरताना मूर्तीचं बोट दिसलं, अशी हकीकत सांगतात. ती मामांच्या तोंडून ऐका. त्यात दोन गोष्टी ते पदरच्या घालतील, त्या तशाच राहू द्या.

मुलं सोबत असतील तर त्यांना आणखी एक सांगता येईल. शाळेच्या सहलीत त्यांनी अजिंठा पाहिलेलाच असतो. तिथल्या सोळा नंबरच्या लेण्यात वराहदेव नावाच्या मंत्र्याचा शिलालेख आहे. तो ज्याचा मंत्री होता, त्या हरिषेण राजाचं वाकाटक घराणं वत्सगुल्मचं, म्हणजे याच वाशीमचं. याच शाखेतल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट 1939 साली वाशीमलाच सापडला. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'करणकुतूहल' लिहिलं, त्यात पृथ्वीच्या मध्यरेखेवरची गावं सांगताना उज्जैनबरोबर वत्सगुल्माचं नाव घेतलंय. मध्यमेश्वराच्या देवळाचा संबंध गावातले लोक याच रेषेशी जोडतात. नकाशा काढला तर वाशीम उज्जैनच्या सव्वा-दीड अंश पूर्वेला पडतं. मुलांना मोबाइलवर मोजायला सांगा, अर्धा तास मजेत जातो. मामाचं गाव म्हणजे डास आणि लोडशेडिंग, एवढंच ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांना हे कळायला हवं.

बाहेरगावी एखादा दिवस काढायचा तर एकच ठिकाण निवडा. पोहरादेवी, शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथ आणि कारंजा एका दिवसात उरकणारे लोक मी पाहिलेत. त्यांना शेवटी गाडीच तेवढी आठवते. माझं मत कारंजाला. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून लोक येतात, दर्शन घेऊन निघून जातात. तिथल्या जुन्या वेशी आणि जैन मंदिरं चालत बघा. या मंदिरांच्या भांडारांतल्या अपभ्रंश पोथ्या 1930 च्या दशकात हिरालाल जैन यांनी संपादून छापल्या, तेव्हा कुठं त्या जगापुढं आल्या.

आता व्यवहाराचं. आश्विनात जाऊ नका. सोयाबीनची सोंगणी चालू असते, मजूर मिळत नाहीत, पावसाची धाकधूक असते, अशात पाहुणा नकोसा होतो आणि ते कुणी तोंडावर बोलत नाही. मे महिन्यात मुलांना सुट्ट्या असतात खऱ्या, पण ते ऊन एसीत वाढलेल्या मुलांना सोसत नाही. मार्गशीर्ष-पौष उत्तम. तुरीला शेंगा असतात, सोलेभात मिळतो. रोडग्यांची फर्माईश करायची तर गोवऱ्या पेटवायलाही बसा. किराणा तुम्ही आणा. पैसे हातात ठेवले तर राग येतो, पिशवी ओट्यावर ठेवली तर येत नाही.

जायची सोयही आता बरी आहे. अकोला-पूर्णा मार्ग 2008 मध्ये ब्रॉडगेज झाला. लहानपणीच्या मीटरगेजची रडतखडत चाल गेली, तिची हळहळ वाटून घेऊ नका, अकोल्याला गाडी बदलताना आईचे काय हाल व्हायचे ते आठवा. स्वतःची गाडी असेल तर समृद्धी महामार्ग जिल्ह्यातूनच जातो. फक्त रात्री डुलकी लागेल इतका सरळ आहे, तेव्हा दिवसा निघा.

दोन गोष्टी टाळा. जुना वाडा पाडून तिथं गाळे काढले असतील तर 'किती छान होता हो वाडा' असं दहादा म्हणू नका. त्या वाड्याचं गळकं छत तुम्ही नाही, त्यांनी सांभाळलं. आणि वाटणीचा विषय तुमच्याकडून निघता कामा नये. आईचा हिस्सा मागायचाच असेल तर त्यासाठी वेगळी तारीख घ्या, वेगळ्या गाडीनं जा.

आधी फोन करा, अचानक जाऊन धडकू नका. मामा पहिल्यांदा घाबरतीलच, "काहून रे बापू, सारं ठीक हाय नं?" असं विचारतील. सगळं ठीक आहे, काही काम नाही, भेटायला येतोय म्हणा आणि लगेच तारीख सांगा.