शापित गण गोदाकाठचे

पतित देवदूत माणसांत राहतात, अशा कादंबऱ्या विदर्भातल्या अल्लीपूरच्या तरुणांनी जरूर वाचाव्यात; पण हा प्रकार परका समजू नये. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त पार्वतीच्या शापाने शिवगण माल्यवान गोदावरीच्या प्रदेशात गुणाढ्य म्हणून जन्मतो, सातवाहन राजाचा मंत्री होतो, पुढे वनात स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोकांची कथा लिहितो. राजा ती धुडकावतो, तेव्हा पशुपक्ष्यांना वाचून दाखवत तो सहा लाख श्लोक अग्नीत टाकतो. नाकारलेल्या लेखकाचं इतकं खरं दुःख वास्तववादी कादंबरीतही क्वचितच भेटतं. अशा कथांनी अंधश्रद्धा वाढेल, ही शंका रास्त आहे. मात्र २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा फसवणूक आणि शोषण रोखतो, कल्पनाशक्ती नव्हे. कादंबरी मिटून ठेवता येते. भोंदूच्या दरबारात ती मोकळीक नसते. मराठी कादंबरीकारांनी माल्यवानाला आजच्या विदर्भात उतरवावं.