विजेची वेळ कोण ठरवतो?

शेतकऱ्याला वीज फुकट हवी असते, अशी शहरात समजूत आहे. बँकेच्या नोकरीत विहीर आणि मोटारपंपाच्या कर्जाचे जे अर्ज मी हाताळले, त्यांवरून माझे मत वेगळे झाले. मुखेड तालुका बालाघाटाच्या माळरानाचा. विहिरीला पाणी मुळातच थोडे. इथे विजेच्या दराइतकीच तिची वेळ महत्त्वाची. अर्जात विहिरीची खोली, मोटारीची अश्वशक्ती, हप्ता, सारे असे. वीज किती वाजता येणार, यासाठी रकाना नसे.

ही वेळ निसर्गाने ठरवलेली नाही. वीज साठवणे महाग, म्हणून क्षणोक्षणी मागणीइतकीच निर्मिती ठेवावी लागते. तो तोल 50 हर्ट्झच्या आसपास सांभाळायचा असतो. मध्यरात्रीनंतर मागणी उतरते, पण औष्णिक केंद्राचा बॉयलर दिव्यासारखा विझवता-पेटवता येत नाही. मग तो खड्डा भरायला शेतीचे फीडर! दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास अशी पाळी वर्षानुवर्षे चालली, तिच्या मुळाशी हेच गणित होते. अंधारातला साप, ओल्या स्टार्टरचा झटका, हा खर्च मात्र कुठल्याच ताळेबंदात धरला गेला नाही.

जागरण टळावे म्हणून लोकांनी ऑटो स्टार्टर बसवले. वीज आली की डीपीवरच्या साऱ्या मोटारी एकदम उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. दाब कोसळतो आणि ऐन हरभऱ्याच्या पाण्यावर डीपी जळते. दोष ऑटो स्टार्टरला दिला जातो. रात्री दोनला ज्याला उठवले, त्याने आपल्याऐवजी यंत्राला उठायला सांगितले, यात बेशिस्त कसली?

आता गणित पालटले आहे. 2013 च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, तेव्हा कोळशाच्या विजेलाही तहान असते हे मराठवाड्याने पाहिले. सूर्याची वीज दुपारीच येते आणि तिला तेवढे पाणी लागत नाही. 2017 ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच हिशेबावर बेतलेली : उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प आणि शेतीला दिवसा वीज. न्याय आणि नियोजन एकाच बाजूला उभे, असे आपल्याकडे क्वचित घडते. ढगांचे काय, असे विचारतात. ढगाळ दिवशी पिकाची तहानही कमीच असते की!

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक शेती फीडरपुढे तो कोणत्या महिन्यापासून कायमचा दिवसावर येणार, ते लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे; आणि तारीख चुकली तर कारण सहीनिशी त्याच फलकावर यावे.