हाकेचें स्थळ आणि घराचा पत्ता



संकटांत सांपडलेला मनुष्य हाक मारतो. पूर्वीं ती हाक शेजाऱ्याच्या कानीं पडे; आज ती 112 ह्या क्रमांकावर जाते. महाराष्ट्रांत हा क्रमांक सुरू झालेला आहे. “मोबाईल आपलें ठिकाण आपोआप कळवितो, मग पत्ता सांगण्याचें कारण काय?” असें पुष्कळांस वाटतें. हा समज धोक्याचा आहे, असें माझें स्पष्ट मत आहे.

मोबाईलला स्थळ कळतें तरी कसें? एक तर तो जवळच्या मनोऱ्याशीं जोडलेला असतो व त्या मनोऱ्याची जागा ठाऊक असते. परंतु एका मनोऱ्याचें क्षेत्र शहरांत शेंकडों मीटर, तर खेड्यांत कित्येक किलोमीटर असूं शकतें. दुसरा मार्ग उपग्रहांचा. निदान चार उपग्रहांचे संदेश पोंचण्यास किती वेळ लागला हें मोजून मोबाईल स्वतःचें स्थळ काढतो. हे संदेश सेकंदास सुमारें 3 लक्ष किलोमीटर वेगानें धांवतात. म्हणून सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाची चूकही अंतरांत 300 मीटरांचा फरक पाडते. मोकळ्या मैदानांत हें गणित उत्तम साधतें. उंच इमारतींमध्यें मात्र संदेश भिंतींवर आपटून येतात आणि घरांत ते क्षीण होतात. तेथें आसपासच्या वाय-फायच्या खुणांचें साहाय्य घ्यावें लागतें.

आतां आपल्या मालाडकडे पाहा. आगगाडीच्या रुळांनीं त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग केले आहेत. स्टेशनाजवळच्या घराचें स्थळ शंभर मीटर चुकलें, तर नकाशावरील ठिपका रुळांपलीकडे पडेल आणि रुग्णवाहिकेस मोठा वळसा पडेल. कुरारच्या चाळींत ठिपका अचूक पडला, तरी कोणत्या बोळांतून शिरावें हें तो सांगत नाहीं. वीस मजली इमारतींत रोगी कितव्या मजल्यावर आहे, हेंही त्यावरून नीट उमगत नाहीं. 2021 च्या जूनच्या 9 तारखेस रात्रीं मालवणींत इमारत कोसळली, तेव्हां अरुंद रस्त्यामुळें मदतीचीं वाहनें आंत नेणें कठीण झालें होतें. अशा वस्तींत वाटेची माहिती किती मोलाची असते!

यंत्राला कमी लेखण्याचा माझा हेतु नाहीं. ज्याला बोलतांच येत नाहीं, किंवा आपण कोठें आहों हेंच ज्याला ठाऊक नाहीं, त्याला तो ठिपका मोठाच आधार आहे. पण ज्याला बोलतां येतें त्यानें बोललेंच पाहिजे. पालकांनीं लहानग्यांकडूनही पत्ता पाठ करून घ्यावा: पूर्व कीं पश्चिम, रस्ता, इमारतीचें नांव, मजला, आणि जवळची देऊळ, चर्च, मशीद किंवा दवाखाना अशी एखादी खूण. पत्ता आधीं सांगावा, हकीकत मागाहून. म्हणजे बोलणें मध्येंच तुटलें तरी मदत निघूं शकेल. इमारतीच्या नांवाची पाटी रात्रीं दिसेल अशी असावी. आणि एकानें गल्लीच्या तोंडाशीं जाऊन उभें राहावें.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण जाणतों. त्याला जखमी मनुष्य वाटेवरच दिसला. आज मदतीस धांवणाऱ्यास तो दुरून दिसत नाहीं; त्याला वाट दाखविणें हें शेजाऱ्याचें काम आहे, आणि तो शेजारी आपणच होऊं या.