पूर्वग्रह सगळ्यांत, म्हणून माफ नाही

वंशद्वेष ही परदेशातली व्याधी, असे समजणाऱ्यांनी २०१२चा ऑगस्ट आठवावा. हल्ल्यांच्या अफवांमुळे पुणे आणि बंगळुरूतून ईशान्येकडील हजारो माणसे मिळेल त्या रेल्वेने गावी निघून गेली. अफवेवर त्यांचा विश्वास बसला, कारण ‘चिंकी’ ही चेहऱ्यावरून हिणवणारी हाक त्यांच्या रोजच्या अनुभवातली होती. २०१४मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याला त्याच्या केसांवरून डिवचले गेले. मारहाणीनंतर त्याचा मृत्यू झाला. २०२०मध्ये त्याच चेहऱ्यांना ‘करोना’ म्हणून हिणवले गेले.

पूर्वग्रह थोडाफार प्रत्येकात असतो, हे आम्ही मान्य करतो. मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये मांडलेल्या चाचणीत चेहऱ्यांशी चांगले-वाईट शब्द जोडायला किती वेळ लागतो, यावरून मनाचा सुप्त कल टिपला जातो. समतेवर श्रद्धा असलेल्यांतही तो आढळतो. मात्र त्यावरून एखादा माणूस प्रत्यक्षात कसा वागेल, हे खात्रीने सांगता येत नाही. आमच्या मते कळीचा मुद्दा हाच. मनात कल असणे वेगळे आणि नाक-डोळे पाहून घर भाड्याने नाकारणे वेगळे; दुसरी कृती माणूस स्वतः निवडतो. ‘सगळेच असे असतात’ ही सबब तिथे चालू देता कामा नये. ईशान्येकडील नागरिकांच्या प्रश्नांसाठी केंद्राने नेमलेल्या बेझबरुआ समितीने २०१४मध्येच वांशिक अवमानासाठी स्वतंत्र फौजदारी कलम सुचवले होते. संसदेने ते आता कायद्यात आणावे आणि पोलिसांनी अशा तक्रारी थट्टामस्करी म्हणून परत पाठवू नयेत.