आजीनें ठेवलेलें ऋण

भुताखेतांच्या गोष्टींविषयीं माझें मत फारसें अनुकूल नाहीं, हें ह्या सदराच्या नेहमींच्या वाचकांस ठाऊक आहे. मुलांना निजवितांना भीति घालावी आणि मग रात्रीं एकट्यानें माजघर ओलांडण्याचें त्यांस धैर्य होऊं नये, ही रीत मला कधींच पटली नाहीं. म्हणून यंदाच्या सुटींत नात जेव्हां म्हणाली, "आजोबा, ह्यांत भुतें आहेत, पण भीति नाहीं, एक तरी भाग बघा ना," तेव्हां केवळ तिचें मन राखण्यासाठीं मी खुर्ची ओढून बसलों. पहिल्या मालिकेचे तेरा भाग चार संध्याकाळीं संपले.

जपानांत अशा रेखाचित्रांच्या बोलपटांस 'ॲनिमे' म्हणतात. ह्या मालिकेचें नांव 'नात्सुमे यूजिन्‌चो', म्हणजे नात्सुमेची मित्रवही. युकि मिदोरिकावा ह्या लेखिकेची सचित्र कथामाला २००३ पासून प्रसिद्ध होऊं लागली. तिच्यावरून ताकाहिरो ओमोरि ह्यांनीं दिग्दर्शिलेली पहिली मालिका २००८ सालीं आली, आणि सातवी २०२४ सालीं. त्यांतील भातखाचरें, नदी व लहानसें गांव हीं दक्षिण जपानांतील कुमामोतो प्रांतांतल्या हितोयोशि ह्या नगराच्या परिसरावरून रेखिलेलीं आहेत.

कथानायक ताकाशि नात्सुमे हा शाळेंत शिकणारा पोरका मुलगा. इतरांस न दिसणारे 'योकाइ' त्याला दिसतात. आपल्याकडील राखणदारापासून मुंजापर्यंत सारे ज्यांत सामावतील, अशी ही अदृश्य योनि. त्याची आजी रेइको हिलाहि ते दिसत. माणसांत एकटी पडलेली ती मुलगी योकाइंशीं पैजा लावी, त्यांस जिंकी व प्रत्येकाचें नांव एका वहींत लिहून घेई. ज्याचें नांव वहींत, तो वहीच्या धन्याच्या आज्ञेंत. पुढें ती वही नातवाच्या हातीं येते. ही सत्ता तो गाजवीत नाहीं. पान ओठांत धरून, हात जोडून तो श्वास सोडतो, आणि नांव ज्याचें त्याला परत मिळतें. त्या क्षणीं, जिला त्यानें कधीं पाहिलेंहि नाहीं त्या आजीची एखादी आठवण त्याला दिसते.

दुसऱ्या भागांत रस्त्याकडेच्या घुमटींतला एक लहानसा देव येतो. पूजणारे कमी होत गेले, तसतसा तो आकसत मुठीएवढा झाला आहे. आतां हाना नांवाची एक म्हातारी तेवढी नैवेद्य ठेवते. ती मरण पावते, तेव्हां देवाचीहि जाण्याची वेळ होते. नात्सुमे म्हणतो, यापुढें मी पूजा करीन. देव नम्रपणें नाकारतो. तूं माझा मित्र आहेस, भक्त नव्हेस, असें त्याचें म्हणणें. एवढीच गोष्ट. लढाई नाहीं, किंकाळी नाहीं. माझ्या नातीनें डोळे पुसले. मीहि चष्मा काढला.

ह्या मालिकेची गोडी कशांत आहे? आपल्या शास्त्रांनीं देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशीं तीन ऋणें सांगितलीं. पितृऋण फेडावयाचें तें श्राद्धतर्पणानें व संततीनें, असें आपण मानतों. वडील माणसांनीं दुसऱ्यांकडून जें घेऊन ठेवलें तें परत करणें हेंहि पितृऋणच, ही गोष्ट ह्या मुलाकडून शिकावी. तो तें एकदम फेडीत नाहीं. एका भागांत बहुधा एक नांव. म्हणूनच मालिका संथ आहे, आणि म्हणूनच ती मनांत राहते.

परंतु मला अस्वस्थ केलें तें निराळ्याच गोष्टीनें. आईबाप गेल्यावर नात्सुमे एका नातलगाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. दिसतें तें सांगितलें कीं खोटारडा ठरे. शेवटीं फुजिवारा नांवाच्या निपुत्रिक दांपत्यानें त्याला आपलें म्हटलें. तरीहि तेथें तो जपून बोलतो, त्यांस काळजी नको म्हणून सारें मनांत ठेवतो.

चाळीस वर्षांपूर्वीं माझ्या चुलतबहिणीचा पोरका मुलगा दोन वर्षें आमच्या घरीं होता. घरांत चौदा माणसें. त्याला कोणीं कधीं टाकून बोललें नाहीं. पण पानावर दुसऱ्यांदां भात त्यानें कधीं घेतला नाहीं. "पुरे, मामी," हें त्याचें ठरलेलें उत्तर. मुलगा किती समंजस आहे, असें आम्हीं पाहुण्यांस कौतुकानें सांगत असूं. पुढें तो दुसऱ्या मामाकडे गेला, मग तिसऱ्याकडे. शाळेंत इतकीं वर्षें मुलांत घालवूनहि मला उमगलें नाहीं कीं तो समंजसपणा नव्हता. हें घरहि सोडावें लागणार, हें तो मुलगा जाणून होता.

वाचकहो, आपल्या घरांत असें एखादें मूल असेल, तर त्याच्या 'पुरे'वर विश्वास ठेवूं नका. न विचारतां वाढा.

तो मुलगा आतां पन्नाशी ओलांडून गेला आहे. नातीनें त्याचा पत्ता मिळवून दिला, आणि गेल्या आठवड्यांत मीं त्याला स्वहस्तें पत्र लिहिलें. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.