तोलाच्या व्यायामाची मात्रा

रायपूरच्या समता कॉलोनीसारख्या वसाहतीत दवाखाना चालवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे सत्तरीपुढचे रुग्ण येतात ते गुडघा, कंबर नाहीतर खांदा दाखवायला. आपण पडतो, असे सांगत सहसा कोणी येत नाही. घरात ते कळले तर देवळात जाणे, भाजी आणणे, सगळेच बंद होईल ही धास्ती असते. आपण शेक देतो, मशीन लावतो, मांडीचे दोन व्यायाम शिकवतो. काही महिन्यांनी त्याच आजी खुब्याची शस्त्रक्रिया होऊन वॉकर धरून परत येतात. आपल्या व्यवसायाला हे शोभत नाही. तोलाचे काम आपण उशिरा हाती घेतो आणि घेतल्यावरही व्यायाम फार सोपा, फार थोडा देतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी ६,८४,००० माणसे पडून दगावतात आणि त्यांत साठी ओलांडलेल्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. म्हणून पासष्टीपुढचा रुग्ण कशासाठीही आला, तरी तीन गोष्टी विचाराव्यात: वर्षभरात पडलात का, उभे असताना किंवा चालताना डगमगल्यासारखे होते का, पडण्याची भीती वाटते का. पहिल्या प्रश्नाला बहुधा ‘नाही’ येते. मग न्हाणीघरात पाय घसरला का, भिंत धरावी लागली का, असे विचारले की खरे बाहेर येते.

पुढची तपासणी पाच-सात मिनिटांची आहे. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे; १२ सेकंद किंवा अधिक लागले तर सावध व्हावे. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून १० सेकंद उभे राहता आले नाही, तर तोही इशाराच. मधुमेही रुग्णाच्या तळव्यांची संवेदना तपासावी. कूस बदलताना गरगरते म्हणणाऱ्याची डिक्स-हॉलपाइक चाचणी करावी; कानातल्या दोषामुळे येणारी ही चक्कर योग्य मॅनुव्हरने बरेचदा एक-दोन भेटींत थांबते. आणि रक्तदाब आडवे असताना व उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर रुग्णाच्या डॉक्टरांशी त्याच दिवशी बोलावे.

रायपूरच्या उन्हाळ्यात ही मोजणी फार महत्त्वाची. पारा ४४ अंशांपर्यंत चढतो, घाम जातो, पाणी कमी पडते आणि लघवी वाढवणारी गोळी मात्र हिवाळ्यातल्याच मात्रेत चालू असते. शिवाय घरोघरी कूलर. त्यात पाणी भरताना फरशी ओली होते, वायर वाटेत आडवी येते आणि रात्री त्याच वाटेने अंधारात संडासला जायचे असते. घरभेटीत आधी ही वाट पाहावी.

आता मात्रेविषयी. २०१९च्या कॉक्रेन आढाव्यात १०८ चाचण्या आणि तेवीस हजारांवर ज्येष्ठ होते. व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटले. तोल आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम त्यात सर्वांत खात्रीचे ठरले. नुसत्या चालण्याचा असा स्पष्ट फायदा दिसला नाही. ‘रोज सकाळी बागेत फिरतो’ या उत्तरावर आपण समाधान मानतो, ते चुकीचे आहे. कॅथरीन शेरिंग्टन यांच्या गटाच्या विश्लेषणात सर्वाधिक फायदा झाला तो तोलाला खरे आव्हान देणाऱ्या आणि आठवड्याला तीन तासांहून अधिक चाललेल्या कार्यक्रमांत. दोन्ही हातांनी पलंग धरून टाचा उचलायला लावणे म्हणजे आव्हान नव्हे. पाय जवळ आणावेत, मग एकापुढे एक ठेवावेत, आधाराचे हात दोनावरून एकावर, एकावरून दोन बोटांवर आणावेत, पुढे वळणे, बाजूला चालणे, वाकून वस्तू उचलणे घ्यावे. स्वयंपाकघराचा ओटा समोर आणि खुर्ची मागे असली की हे सुरक्षितपणे होते. रुग्ण थोडा डुलला पाहिजे, आणि त्या क्षणी आपला हात जवळ पाहिजे. डुलूच दिले नाही, तर शरीर सावरायला शिकणार कसे?

न्यूझीलंडच्या ओटॅगो कार्यक्रमाची सुरुवातीची चाचणी ऐंशी आणि त्यापुढच्या स्त्रियांवरच झाली, निकाल १९९७मध्ये आला. घोट्याला वजन बांधून ताकदीचे आणि त्याबरोबर तोलाचे व्यायाम घरच्या घरी, आठवड्यातून तीनदा. फिजिओथेरपिस्टच्या भेटी मोजक्या, मधे फोन. ऐंशीच्या आजींना ‘आता काय व्हायचंय’ म्हणून सोडून देणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. व्यायाम थांबला की फायदाही ओसरतो, हे मात्र पहिल्याच दिवशी घरच्यांसमोर सांगावे.

घरच्यांशी बोलणे हाही उपचारच. ‘आई, तुम्ही बसा, आम्ही करतो’ यात माया असते, पण बसून मांड्या आटतात आणि भीती वाढते. जमिनीवर बसून जेवण्याची, पूजा करण्याची सवय ज्यांना अजून आहे आणि सांधे साथ देतात, त्यांची ती मोडू नये. पडल्यावर उठायचे कसे, हेही सगळ्यांना शिकवावे: कुशीवर वळायचे, गुडघे-हातांवर यायचे, रांगत पलंगापर्यंत जायचे, एक पाऊल पुढे रोवून उठायचे. लागले नसूनही उठता येत नाही म्हणून माणसे तासन्‌तास फरशीवर पडून राहतात.

एक इशारा ड-जीवनसत्त्वाचा. ५,००,००० युनिटांचा वार्षिक डोस दिलेल्या वृद्ध स्त्रिया अधिक पडल्या, हे २०१०मध्येच प्रसिद्ध झाले. रुग्ण मनाने मोठे डोस घेत असेल तर विचारावे आणि डॉक्टरांकडे पाठवावे.

आठवड्याचे तीन तास एकट्याने भरणे कठीण. गटात ते जमते. शेजारच्या चौबे कॉलोनीत १९३५पासूनचे महाराष्ट्र मंडळ आहे, समता कॉलोनीत मंडळाचे दिव्यांग बालिका विकासगृह आहे. अशा संस्थांच्या सभागृहात आठवड्याचे तीन वर्ग मागून पाहावेत. दहा-बारा ज्येष्ठ, भिंतीलगत खुर्च्या, मदतीला दोन विद्यार्थी आणि सूचना मराठी, हिंदी, छत्तीसगढी, ज्याला जी कळेल तीत. प्रत्येकाची उठून चालण्याची वेळ पहिल्या दिवशी लिहावी आणि तीन व सहा महिन्यांनी पुन्हा मोजावी. त्या नोंदी आमच्याकडे पाठवा. फायदा झाला नसेल तरीही पाठवा, आम्ही छापू.